चुकीची धरलेली तारीख

माय, आपली गाय गेली. तुझ्या तांबड्या गाईची ही पणती. तिच्यामागं आता कोणी उरलं नाही.

तू असताना गोठ्यात कॅलेंडर नव्हतं. मी भिंतीवर कोळशानं रेघा ओढून नऊ महिने नऊ दिवस मोजतोय आणि तू मागून येऊन म्हणतेस, "ते गणित आपलं हाय, तिचं न्हाई. तिच्याकडं बघ." माझा हात धरून तू तिच्या शेपटीच्या बुडाशी ठेवतेस. दोन्ही बाजूंच्या शिरा ढिल्या पडल्यात, कास तटतटलीय. "आता हिला सोडून कुठं जायचं न्हाई." त्या दिवशी तुझ्या सख्ख्या भावाचं लग्न होतं आणि तू गेली नाहीस. गोठा झाडलास, कोरडं पाचट अंथरलंस, पाणी तापवून ठेवलंस. दुपारी कालवड झाली. मामा पुढं कितीतरी दिवस तुझ्याशी बोलला नाही.

या गाईला मी डॉक्टरांकडून दोनदा इंजेक्शननं भरवलं होतं. पहिल्या वेळेनंतर तीन आठवड्यांनी ती पुन्हा माजावर आल्यासारखी हंबरू लागली, म्हणून डॉक्टरांना परत बोलावलं आणि दुसरी तारीख धरली. पुढं तपासताना ते म्हणाले, "दिस जास्त वाटायलेत. पहिल्याच वेळची गाभण असंल." मी मान डोलावली, तारीख मात्र तीच ठेवली.

त्या सकाळी तिनं वैरणीला तोंड लावलं नाही. हात लावून पाहिला, तर शेपटीपाशी मऊ लागलं. पण बायकोला अंबाजोगाईला डोळे दाखवायला न्यायचं कधीचं ठरलं होतं. माझ्या हिशोबानं अजून तीन आठवडे होते. गेलो. दुपारी परतलो, तर ती उघड्या फरशीवर आडवी पडलेली आणि वासराचा एकच पाय बाहेर. युसूफ वडगावच्या दवाखान्यातून डॉक्टर येईपर्यंत मी तिच्या तोंडापाशी बसून राहिलो. त्यांनी आत हात घालून दुसरा पाय सरळ केला, वासरू ओढून काढलं. कालवड होती, मेलेली.

"सकाळीच बोलवायचं हुतं," डॉक्टर हात धुता धुता म्हणाले.

गाय त्यानंतर उठलीच नाही. आम्ही दोघं तिला या कुशीवरून त्या कुशीवर करत राहिलो, गुळाचं पाणी पाजत राहिलो. तिसऱ्या दिवशी तिनं मान टाकली.

आता बायको विचारते, "दुसरी कवा आणायची?" मी म्हणतो, यंदा चारा नाही. चारा भरपूर आहे, तिलाही तो दिसतो. खरं म्हणजे माझा माझ्यावरच भरवसा राहिला नाही, आणि या वयात तो परत यायचा नाही. तिला हे सांगवत नाही. तुला लिहिणं सोपं आहे. तू आता विचारणार नाहीस, तिला सोडून का गेलतास म्हणून.