धाकटीची कादंबरी, माझी मतं

४ नोव्हेंबर
आजपासून धाकटीला तिच्या परीक्षेची कादंबरी मी शिकवणार. ठरलं. तिला अजून सांगितलेलं नाही.
तिच्या भाषेच्या बाईंनी वहीत लाल पेनाने लिहिलंय, गोष्ट नीट सांगितलीस, पण तुझं मत कुठे आहे? गणितात पहिली, सायन्समध्ये पहिली, आणि मत नाही. हसूच आलं. आमच्या घरात मतांचा सगळा स्टॉक माझ्याकडे आलाय.
तिला हव्या त्या कॉलेजात भाषेत साठ लागतात. बाबा म्हणाले, आले तर जा. नाही आले तर आपल्या लाँड्रीत, दादासारखी. 'दादासारखी' म्हणायची गरज नव्हती.

५ नोव्हेंबर
सांगितलं तिला. म्हणाली, तू नववीत शाळा सोडलीस. मी म्हटलं, सोडली नाही, मतभेद झाले. म्हणाली, तोंडी परीक्षेच्या दिवशी बाथरूममध्ये कडी लावून बसलास त्याला मतभेद म्हणतात होय.
दुर्लक्ष केलं. शिकवणाऱ्याला पेशन्स लागतो.

६ नोव्हेंबर, दुपार
कादंबरी वाचायला घेतली. जाडजूड आहे. शंभर वर्षांपूर्वीची. एक नावाडी बुडून मरतो, मग त्याची बायको होडी चालवते. तिचा दीर काठावर बसून तिला सांगत असतो, वल्हं असं मार, वारा बघ, माणसं अशी बसव. हा माणूस मला एकदम पटला.
साठेक पानं झाली. एवढ्यात लेखकाची लाइन कळते. पुढे नुसतं डिटेलिंग असणार.

१० नोव्हेंबर
पहिला तास. अडचण एकच, संध्याकाळी माझी इस्त्री असते. इस्त्री करत शिकवता येत नाही, विचार तुटतो. ऐकायला मात्र हात लागत नाहीत. म्हणून मी स्टुलावर बसलो आणि ती इस्त्री करत ऐकत होती. इतकं सोपं कुणाला आधी सुचलं नाही ह्याचं नवल.
विषय: प्रतीकं. होडी म्हणजे जीवन. नदी म्हणजे पण जीवन. तिने विचारलं, दोन्ही जीवन कसं? मी म्हटलं, मोठ्या लेखकाला चालतं.

१९ नोव्हेंबर
गिऱ्हाईक आलं की मी टांगलेल्या शर्टांच्या मागे जातो. लोकांना वाटतं लाजतोय. मी तिथे पुढच्या तासाचा विचार करत असतो. आज वकीलकाकू आल्या आणि खूप वेळ बोलल्या, त्यामुळे विचार पण खूप झाला. त्यांच्याशी धाकटीच बोलली. चुरचुरीत बोलते. चार लोकांत कसं बोलायचं ते तिला जमायला लागलंय. शिकवण्याचा असाही फायदा होतो.

२ डिसेंबर
म्हणाली, दादा, आज तू उभा राहा इस्त्रीला, मला वाचू दे, माझी अजून चार प्रकरणं पण झाली नाहीत. मी समजावलं की वाचणं वेगळं आणि समजणं वेगळं. वाचत बसलीस तर परत गोष्टीत अडकशील, बाईंची तक्रारच ती आहे. पटलेलं दिसलं नाही. पण तेवढ्यात हॉटेलच्या चादरी आल्या, त्यामुळे वाद मिटला.
संकल्प: रविवारी स्वतः पुढची शंभर पानं.

६ डिसेंबर, रविवार
झोप आली.

८ जानेवारी
सरावाचा निबंध. सगळ्यात महत्त्वाचं पात्र कोणतं? मत मांडा, पुरावे द्या. धाकटी नावाडिणीवर लिहिणार होती. म्हणजे वर्गातली सगळी पोरं जे लिहिणार तेच. मी म्हटलं, दिरावर लिही. वल्हं कोणीही मारेल, दिशा कोण देतं? म्हणाली, तो नुसता बसलेला असतो. मी म्हटलं, बसलाय म्हणूनच त्याला सगळं दिसतं. माझ्याकडे बघत राहिली. मग स्टुलाकडे बघितलं. मुद्दा पोचला असावा.
मी सांगत गेलो, तिने एका हाताने कॉलर दाबत दुसऱ्या हाताने लिहिलं. मत माझं आणि पुरावे ती शोधणार असं ठरलं होतं. तिला वेळच मिळाला नाही. टाइम मॅनेजमेंट शिकवायला हवं.

१५ जानेवारी
बाईंचा शेरा: मत आहे, छान. पण पुढचा भाग वाचलास का?
बाबांना पहिली ओळ वाचून दाखवली. बाबा म्हणाले, बरं शिकवतोस की रे. मला असं ते आजवर कधी म्हणाले नव्हते. धाकटी म्हणाली, पुढची ओळ पण वाच. मी म्हटलं, ती खाजगी आहे.

११ फेब्रुवारी
छोटीशी गडबड. कादंबरी माझ्याकडेच असते, तयारीसाठी. काल ती चादरींवर ठेवली होती आणि चादरींबरोबर हॉटेलवर गेली. काळजीचं कारण नाही. उद्या जाऊन आणतो.

१२ फेब्रुवारी
गेलो. काउंटरवर गर्दी होती. गर्दी संपेपर्यंत समोरच्या फुटपाथवर थांबलो. मग काउंटरवरची बाई एकटी होती, आणि माझ्याकडेच बघत होती. परत आलो. घरी सांगितलं, हॉटेल बंद होतं.
धाकटी म्हणाली, हॉटेल बंद नसतं दादा.

१४ फेब्रुवारी
ती स्वतः जाऊन आली. सफाईवाल्यांनी रद्दीत टाकली म्हणे. काउंटरवरची बाई म्हणाली, दोन दिवस आधी आला असतात तर मिळाली असती. मैत्रिणीकडे मागितली, पण परीक्षा मैत्रिणीची पण आहे.
आज इस्त्री करताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वाफेचं असणार. मी म्हटलं, घाबरू नकोस, मला सगळी तोंडपाठ आहे. ती म्हणाली, मग शेवट सांग. मी म्हटलं, शेवट ज्याने त्याने शोधायचा असतो.

९ मार्च
पेपर झाला. प्रश्न तोच, महत्त्वाचं पात्र. नशीब बघा. काय लिहिलंस विचारलं. म्हणाली, दुसरं काय येत होतं मला?
मी निश्चिंत.

२० मे
निकाल. बाकी सगळ्यात शाळेत पहिली. भाषेत एक्केचाळीस.
तपासणाऱ्याची लेव्हल.

२१ मे
बाई दुकानात आल्या होत्या. मी शर्टांच्या मागे. धाकटीला म्हणाल्या, असं कसं लिहिलंस ग? दीर पुढे नावाडिणीला न सांगता होडी विकून टाकतो. शेवटी ती पलीकडे जायला त्याच होडीत पैसे देऊन बसते. हे कोणी शिकवलं तुला? धाकटी शर्टांकडे बघत होती. म्हणाली, कोणी नाही बाई, माझंच मत होतं.
चार महिन्यांची मेहनत माझी आणि म्हणे माझंच मत. वाईट वाटलं. पण बोललो नाही. मन मोठं ठेवावं.

२४ मे
बाबांनी जेवताना निकाल लावला. दुकानाला एक माणूस हवं. धाकटीचा हात बसलाय, गिऱ्हाईकं पण तिलाच विचारतात. आणि हा एवढं शिकवतो, तर ह्यालाच परत शाळेत घालू. आई म्हणाली, अहो, पण पोरीचं काय? बाबा म्हणाले, तिला दिला होता की चान्स. धाकटी म्हणाली, दादाला जाऊ दे, दुकानात तो तसाही दिसत नाही.
मी बाबांना खरं काय ते सांगणार होतो. तोंड उघडलंसुद्धा. पण बाबांनी आमटी मागितली आणि विषय बदलला.

२७ मे
उद्या सांगतो बाबांना.

२ जून
बाबा कामात आहेत.

१२ जून
शाळा. परत नववी. पोरं माझ्या खांद्याएवढी. सरांनी उभं केलं, स्वतःबद्दल दोन वाक्यं बोल म्हणाले. उभा राहिलो. रोज इथे पानं भरतो मी. एक वाक्य आलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, सर, ह्याला बसवा, पडेल. सगळे हसले. सरसुद्धा. बसलो. सर म्हणाले, बरं, उद्या तयार करून ये.
संध्याकाळी दुकानात गेलो. धाकटीचं कॉलेज असतं तर आज पहिला दिवस असता, आई म्हणत होती. ती माझेच शाळेचे शर्ट करत होती. तिला म्हटलं, माझ्याबद्दल दोन वाक्यं लिहून दे ना, पाठ करतो. तिने इस्त्री उभी ठेवली. माझ्याकडे नीट बघितलं, बऱ्याच दिवसांनी.
म्हणाली, पुराव्यासकट देऊ?
मी म्हटलं, राहू दे.