कॉलरमधलं कुंकू

उस्ताद, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायचा तर मला आधी तुमचे हात आठवावे लागतात. नखांत तेल मुरलेलं, अंगठा जरा वाकडा. त्या अंगठ्यानं तुम्ही हत्यार धरणाऱ्या चकची कॉलर, बाहेरचं कडं, मागं सारायचात, आणि मी शेजारच्या लेथवरचं काम सोडून बघत राहायचो. तुम्ही मान न वळवता म्हणायचात, "तमाशा न्हाई हा. जॉबवर नजर ठेव."

पंचावन्न-छप्पन्न साल असेल. चिंचवड स्टेशनच्या पलीकडे पत्र्याच्या शेडमधला आपला कारखाना, बाहेर बाभळी आणि लोकांची ज्वारी. मालकांनी तो चक मुंबईहून आणला तेव्हा तुम्ही नाक मुरडलं होतंत. लेथच्या मागच्या टोकाला तो बसायचा. भोक पाडणारं ड्रिल असो की ते गुळगुळीत करणारा रीमर, प्रत्येक हत्यार आपापल्या होल्डरमध्ये तयार. कॉलर मागं ओढली की एक निघायचं, दुसरं आत सारून कॉलर सोडली की टक असा आवाज होऊन पकडलं जायचं. किल्ली शोधायला नको, फिरतं मशीन थांबवायला नको. आठ दिवसांत तुम्ही त्या चकवर असे काही लुब्ध झालात की घरी बायको रुसत असेल, असं मी चिडवायचो. दर शनिवारी तुम्ही तो उघडायचात, कॉलरखालच्या गोल पोलादी छर्‍यांना रॉकेलमध्ये अंघोळ घालायचात, मलमलीच्या चिंधीनं एकेक छर्रा पुसायचात. मला शिकवायचात, "कॉलरला तेलाचा एक थेंब. होल्डरच्या शेपटीला अजिबात न्हाई, ती कोरडी पायजे. आन् आत कचरा गेला की छर्रे खाली बसत न्हाईत. वरनं वाटतंय धरलंय, पर धरलेलं नसतंय."

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी मात्र तुम्ही तो काढून पेटीत ठेवायचात आणि त्या जागी किल्लीचा जुना चक चढवायचात. मालकांच्या आई दुसर्‍या दिवशी यायच्या. म्हातारी मनापासून पूजा करायची. प्रत्येक मशीनला ओलं हळदकुंकू, नारळाचं पाणी, झेंडूची माळ. तुम्ही टोपी सारखी करून त्यांच्या मागं ताट धरून उभे राहायचात. तुम्हाला पहिला पेढा मिळायचा. चक चोरीच्या भीतीनं काढता, असं मला वाटायचं. खरं कारण तुम्ही कधी सांगितलं नाहीत. पूजेनं मशीन बिघडतं, हे तुमच्यासारख्या माणसानं कुणाच्या तोंडावर म्हणायचं?

एका वर्षी तुमची मुलगी तापानं फणफणली होती. आदल्या दिवशी तुम्ही आलाच नाहीत, आणि चक जागेवरच राहिला. म्हातारीनं पहिल्यांदाच दिसलेल्या त्या चकचकीत चकची सगळ्यात जास्त हौस केली. कॉलरभोवती बोटानं गोल फिरवून कुंकू लावलं, वरून नारळाचं पाणी शिंपडलं. दसर्‍याची सुट्टी धरून दोन दिवस ते आत वाळत बसलं. तिसर्‍या दिवशी तुम्ही घाईनं मशीन चालू केलंत, कारण पितळी बुशांची, पोकळ नळकांड्यांची, मोठी ऑर्डर अडली होती. टक आवाज झाला, पण पकड बसली नव्हती. रीमर आत डगमगला आणि लक्षात येईपर्यंत टोपलीभर बुश वाया गेले होते. तुम्ही चक उघडलात. छर्‍यांच्या खोबणीत लाल लगदा. मी तुमच्या खांद्यावरून बघितला. तुम्ही तो चिंधीनं पुसून टाकलात, आणि ती चिंधी खिशात घातलीत.

मालक आले. "ह्याचं तेलपाणी तुमच्याकडं होतं ना?"

"व्हय, माझ्याकडंच होतं."

"मग हे कशानं झालं?"

दारात म्हातारी चहाची किटली घेऊन उभी होती. तुम्ही एकदा तिच्याकडं बघितलंत. "हयगय झाली माझी," म्हणालात.

मालकांनी तुम्हाला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मी बाभळीपर्यंत तुमच्या मागं धावलो. आत्ता जाऊन सगळं सांगतो, म्हणालो. तुम्ही माझा दंड धरलात. "म्हातारीनं मायेनं लावलंय ते. तिला कळलं तर जन्मभर जिवाला लावून घेईल. बोललास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मी बोललो नाही. तुम्हाला पुन्हा लेथ मिळाला नाही. हयगय करणारा म्हणून नाव झालं होतं आणि तेव्हा कारखाने होते तरी किती. स्टेशनबाहेर गोणपाटावर बसून तुम्ही स्टोव्ह दुरुस्त करायचात. मी जायचो, तेव्हा चकची चौकशी करायचात. मग खोकला लागला आणि तुम्ही गेलात. म्हातारी शेवटपर्यंत मला म्हणायची, "उस्ताद माणूस चांगला होता रे, पण कामात हयगय केली." दर वेळी मी तुमची शपथ आठवून कामाला लागायचो. ती गेली, मालक गेले, शेडच्या जागी आता इमारत आहे. तुमची हयगय नव्हती, हे सांगायला कुणी उरलंच नाही. सांगून मिळणार तरी काय होतं?

उस्ताद, मला तुमचा फार राग होता. म्हातारीचं मन राखायला तुम्ही स्वतःचे हात दिलेत आणि शपथ घालून मलाही त्यात बांधलंत. एक वाक्य बोलला असतात तर काय बिघडलं असतं, असं मी वर्षानुवर्षं मनात तुम्हाला विचारत आलो.

परवा खंडेनवमी झाली. भोसरीत मुलाचं वर्कशॉप आहे. तिथं कोपर्‍यात माझा जुना लेथ अजून चालतो, त्यावर तसाच चक. मी पोचलो तोवर सुनेनं पूजा मांडली होती. ह्या लेथनं आमचं पोट भरलंय, म्हणत ती कॉलरभोवती बोटानं गोल कुंकू फिरवत होती. शब्द माझ्या ओठांवर आला होता. तिनं वर बघितलं, हसली, "बाबा, नीट झालं ना?" म्हणाली.

मी म्हणालो, "छान झालं."

हे कागद मी कुणाला पाठवणार? घडी करून चकच्या पेटीत ठेवतो. पण एक सांगायचं राहिलं. इतकी वर्षं तुमचा राग तरी होता सोबतीला. परवापासून तोही नाही.