गाळलेला परिच्छेद

प्रिय लेकी, आणि मान्यवर संपादकबाई,

सकाळपासून तिसऱ्यांदा जपाला बसलो. मणी सरकतात, मन जागचे हलत नाही. शेवटी माळ ठेवून लेखणी घेतली. तू शेजारच्याच खोलीत पाने लावते आहेस, तरी पत्र लिहितो. समोर आलो की भलतेच काही बोलून परततो, हे चार दिवस अनुभवतो आहे.

तू फुकट साप्ताहिक काढलेस तेव्हा मी हिणवले होते, की फुकटच्या वस्तूला कोण विचारतो! "अहो बाबा, हवासुद्धा फुकटच आहे," म्हणालीस, आणि न्हाव्याच्या दुकानापासून दवाखान्याच्या बाकापर्यंत अंक पोहोचवलास. पुढे ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी 'बोलता अंक' काढलास आणि वाचायला मला बसवलेस. पाठात एक मात्राही गळता कामा नये, हे मी बालपणी छड्या खाऊन शिकलेला. इतरांचे वाचन छापील पान समोर धरून तपासले जाते. माझे कधीच नाही. आपला ध्वनिमुद्रक, ज्याला सगळे कानसेन म्हणतात, तो हसून म्हणे, "काकांचं वाचन म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, त्यात तपासायचं काय?" माझा खोकला आणि पानांची सळसळ तेवढी तो काढून टाकी.

गेल्या अंकात तू त्या वृद्धाश्रमाचे वृत्त दिलेस: दारांना बाहेरून कुलपे, आणि ती घालायला लावणारे विश्वस्त. तिसऱ्या परिच्छेदात त्या विश्वस्तांचे नाव होते. ज्यांच्या पायाशी बसून मी तीस वर्षे शास्त्र ऐकले, ते माझे गुरुजीच हे विश्वस्त. छापील अंकात ते नाव आहे, बोलत्या अंकात नाही. दुसऱ्याच दिवशी आश्रमातल्या एका अंध आजींचा फोन आला, "सगळं वाचलंत, कुलूप घालणाऱ्याचंच नाव कसं गळलं हो?" तू कानसेनला विचारलेस, कोणाच्या सांगण्यावरून कापलेस? "ताई, मी कात्री लावलेली नाही," एवढेच तो म्हणाला. तू स्टुडिओची किल्ली मागून घेतलीस. मी तिथेच उभा होतो, चष्मा पुसत.

लेकी, कात्री लावायला तिथे काही नव्हतेच. तो परिच्छेद मी उच्चारलाच नाही. दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर गेलो, आवाजही हलू दिला नाही. ही गुरुनिष्ठा, असे मनाला समजावले; पण ज्यांना स्वतः वाचता येत नाही त्यांनाच मी फसवले, आणि एका निरपराध्याच्या पोटावर पाय दिला. हे पत्र पहिल्या पानावर, माझ्या नावानिशी छाप. कानसेनच्या घरी आत्ताच जाऊ. आधी मी बोलेन. दुपारी ते वृत्त पुन्हा पहिल्यापासून वाचतो. त्याने छापील पान समोर धरून बसावे, आणि त्या नावापाशी माझी जीभ अडली तर वयाकडे पाहू नये. पुन्हा वाचायला लावावे.

क्षमा मागण्याचेही धैर्य आजच गोळा केलेला,
तुझाच,
बाबा