रामरावले दाखवाची गाय

३ जून १९७४
रामरावले नाक घासाले लावल्याशिवाय शेलूबाजारात पाय ठेवणार नाही. मामा म्हणायचो त्या माणसाले. त्याच्या रुख्मिणीले मागणी घातली तर चार लोकांत म्हणे, इंद्रभान, तुह्या दावणीले एक शेपूट नाही अन् पोरगी मागून राह्यला?
म्हणून इकडं आलो, रामेश्वरच्या बाजूले, समुद्रकाठी. प्राणीघरात टाकी धुतो. घरी ऑफिसर सांगितलं आहे.

९ जून
चान्स आला. माझ्या टाकीत समुद्रगाय आहे. कोळ्यांच्या जाळ्यात फसली होती, वाचवून आणली. साहेबानं स्कीम काढली : महिन्याले पाच रुपये भरा, गायीचे पालक व्हा. सर्टिफिकेट मिळेल, फोटो मिळेल. गाय टाकीतच राहील, हे बारीक अक्षरात आहे. बारीक अक्षर मी वाचत नाही.
चौकीदार मोहनसिंग म्हणाला, अरे, तिचा गू तूच काढतो, वरून पैसेही तूच देतो? त्याले यातलं कळत नाही.

२ जुलै
पालक झालो. दोस्त देवमनले सर्टिफिकेट पाठवलं. लिहिलं, गाय घेतली, वजन चार क्विंटल. आता रामराव रडत येईल. दोनदा हाकलीन. तिसऱ्यांदा विचार करीन.

२० जुलै
रामराव विचारतो, दूध किती देते. कळवलं, मोजत नाही.

१७ ऑगस्ट, पोळा
गाय सजवून फोटो पाठवायचा, रामराव जळून खाक. झेंडूची माळ घातली. तिनं खाल्ली. शिंगांसाठी रंग आणला होता. शिंगं नाहीत. फोटोवाल्यानं बटण दाबलं तवा बुडाली. फोटोत मी एकटाच, कमरेइतक्या पाण्यात. पाठवला. मागं लिहिलं, गाय खाली आहे.

५ सप्टेंबर
देवमन लिहितो, मास्तरनं पारावर सर्टिफिकेट वाचून दाखवलं, बारीक अक्षरासकट. रामरावनं बारीक अक्षर पुन्हा वाचाले लावलं. हादरला.

१२ डिसेंबर
देवमन यात्रेकरूंसंगं आला. रुख्मिणीचं लग्न झालं म्हणे. केनवडले दिली.
रामरावचा निरोप आहे : इंद्रभानले सांग, पोरगी तुलेच दिली असं समज. राहील ते केनवडले, नवऱ्याच्या घरी. तू महिन्याच्या महिन्याले पैसे पाठवत जाय. फोटो आमी पाठवू.
देवमननं विचारलं, काय सांगू मामाले?
बराच वेळ टाकी घासली. मग म्हटलं, महिन्याले किती, ते विचार.