राजीवचं ताट

हॅरो, लंडन,
रविवार, १६ मार्च २०२५

प्रिय निवेदिता,

'सप्रेम नमस्कार' लिहायला गेले आणि पेन अडखळलं. अडीच वर्षांनी एकदम सप्रेम म्हणजे जरा जास्तच, तेव्हा नुसता नमस्कार घे. फोन केला आणि माझं नाव बघून तू उचलला नाहीस, तर ते मला लगेच कळेल. पत्राचं बरं असतं, दोष पोस्टावर ढकलता येतो.

इल्फर्डचं घर मानवलं का? शशीभाऊजींचे गुडघे कसे आहेत? इकडे तसं ठीक. मागच्या कुंपणाची फळी वाऱ्याने पडली, ती अजून तशीच आहे. वेद ॲबर्डीनहून दर रविवारी फोन करतो. सूनबाईंना, म्हणजे दियाला, नववा लागलाय.

बातमी अशी की सत्तावीस तारखेला माझं ऑपरेशन आहे. वजन उतरावं म्हणून पोट लहान करण्याचं. शुगर हाताबाहेर गेली, तेव्हा डॉक्टरांनीच सुचवलं. मला वाटलं, जायचं, गुंगी घ्यायची, बारीक होऊन उठायचं. पण नाही! आधी सहा महिने नीट खायला शिकवतात. छप्पन्नाव्या वर्षी, बोल! लहान ताटली, आधी डाळ नाहीतर अंडं, भात शेवटी आणि तोही दोन चमचे. घास वीस वेळा चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही. आणि तोंडात जाईल ते सगळं वहीत लिहायचं.

आहारतज्ज्ञ निघाली आपलीच, वरदा नावाची, स्टॅनमोरला जन्मलेली. मराठी बोलते, पण पोरीला डायरी पुल्लिंगी वाटते. "काकू, तुमचा डायरी परफेक्ट आहे. पण वेट का नाही कमी होत?" असे तीन महिने गेले. मग म्हणाली, असंच चाललं तर सर्जन डेट नाही देणार. मी माझ्या पत्रिकेला दोष देत होते.

एके दिवशी तिने विचारलं, "काकू, रोज चपात्या किती करता?"

मी म्हटलं, सहा.

"डायरीत दोन आहेत. मग चार कोण खातो?"

मग सांगावं लागलं. राजीवच्या फोटोपुढे मी रोज संध्याकाळी ताट ठेवायची. पोळ्या, भाजी, आमटी-भात, लिंबाची फोडसुद्धा. तो गेला त्या आठवड्यात सुरू केलं, ते मोडवेना. थोड्या वेळाने ताट उचलायचं, आणि प्रसाद टाकायचा कसा? म्हणून मीच खायचं. लपवत नव्हते गं, शपथ. ते माझं जेवण आहे असं मला कधी वाटलंच नाही.

वरदाने वही मिटली. मग अगदी हळू म्हणाली, "प्रसादला कॅलरीज नसतात का, काकू?"

मी हसले. आणि मग इतकी रडले की तिला पुढच्या पेशंटला थांबायला सांगावं लागलं.

त्या दिवशी परतताना मला तूच आठवलीस. वर्षश्राद्धाला तू माझ्या हातातली खिरीची वाटी काढून घेतलीस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, "राजीव गेला म्हणून तू दोघांचं खाऊ नकोस, अलका." तुला त्या ताटाबद्दल काही माहीत नव्हतं, तरी बोललीस नेमकं तेच. म्हणून तर झोंबलं. मी म्हटलं, "तुझा नवरा जिवंत आहे, तुला काय जातं बोलायला? ऊठ, घरी जा." आणि तू गेलीस. त्या बोलण्याची मला लाज वाटते. किती वेळा वाटलं तरी कळवलं नाही, याची जास्त वाटते.

ताट कमी केलं तसं वजन उतरलं आणि तारीख मिळाली. गेल्या गुरुवारपासून, ऑपरेशनआधी यकृत लहान व्हावं म्हणून, नुसतं दूध, दही आणि सूप. पहिल्या संध्याकाळी फोटोपुढे दह्याची वाटी ठेवली. राजीवला दही कधीच चाललं नाही. मी ती उचलली, आणि त्यानंतर काही ठेवलं नाही. आता टेबलावर मी आणि माझी एक वाटी. साडेतीन वर्षं ते ताट होतं, म्हणून घर इतकं रिकामं आहे हे कळलंच नव्हतं.

आता मुद्द्याचं. घरी नेणारं आणि पहिल्या दोन रात्री सोबत राहणारं कोणीतरी हवं, नाव नसेल तर तारीख पुढे ढकलू, असं नर्स म्हणाली. वेदला मी पित्ताचा खडा काढणार असं सांगितलंय. बाळ त्याच आठवड्यात यायचंय, त्याला कुठे ओढू? नर्स पेन धरून थांबली होती. मी तुझं नाव आणि नंबर दिला. तुला न विचारता.

पंचवीसला, मंगळवारी, ती तुला फोन करेल. तू नाही म्हणालीस तर ऑपरेशन पुढे जाईल, एवढंच.

एवढंच नाही, निवेदिता. मला भीती वाटते. ऑपरेशनची नाही. डोळे उघडल्यावर शेजारची खुर्ची रिकामी दिसेल, याची.

आलीस तर हात हलवत ये. डबा आणू नकोस.

नर्सच्या फॉर्मवर नात्याच्या रकान्यात मी 'मैत्रीण' लिहायला लावलंय. खोटं असेल तर तिला सांग, मला सांगू नकोस.

तुझी, निदान फॉर्मवर मंगळवारपर्यंत,
अलका