शकरकंदातला जीन

१२ जानेवारी
हो जी, आली होती ती. गेल्यावरही फोटोतून डोळे काऊन वटारता? घरात नाही घेतली, ओट्यावरच बसवली. प्राची नाव, शेतकी कॉलेजची. म्हणे, तुमच्या रताळ्यातले, म्हणजे आपल्या शकरकंदातले, जीन पाहायचे आहेत. मी म्हटलं, बाई, या घरात देव्हारा आहे, जिन-भूत पाहायचं तर मसणात जा. लय हसली. मंग सांगतलन, जीन म्हणजे बियाण्यातला गुण. त्याच्यानं एन्झाइम बनते, ते शिजताना स्टार्चची साखर करते. शिवरातीले नागऱ्याच्या जत्रेत माझ्या टोपलीपुढं लाइन लागते, ते ऐकून आली. दहा कंद पाहिजे, कच्चे. उकडून देतो म्हटलं तर नाही म्हणते. कच्चेच कायले?
डाव आहे. एक कंद देणार नाही.

१३ जानेवारी, दुपार
दिले. काऊन का ती म्हणाली, चांगला निघाला तर वाणाले शेतकऱ्याचं नाव देऊ. देवका-१. ऐकाले बरं वाटते.
सकाळी दव होतं तेव्हाच खणून आणले. माती सगळ्याच शेतातली सारखी.

२० जानेवारी
शेजारची सुशिलाबाई अन् प्राची टपरीवर चहा पिऊन राहिल्या होत्या. मी गेली तं दोघी गप. सुशिलाबाई माझं नाव खाणार.
संध्याकाळी तीच रडत आली. धुऱ्यापलीकडच्या, माझ्या बांधाले लागून असलेल्या तिच्या शेतात कोणं तरी कंद उकरले. मी म्हटलं रानडुक्कर. सोबत जाऊन खुणाही दाखवल्या.
ती म्हणाली, "डुक्कर चप्पल घालते का वो, देवका?"
बाईचा स्वभावच संशयी.

८ फेब्रुवारी
प्राचीचा फोन. असा जबर जीन आतापर्यंत कोणाच्याच कंदात नाही भेटला म्हणे. बुधवारी येते. माझ्या शेतातले वेल नेणार, अन् कंद साध्या पाण्यात उकडून चाखणार. साध्याच पाण्यात कायले? माझ्या घरी येऊन माझं पाणी तपासते का?
बुधवारी ताप येणार मले. नाही तं सडक अर्जुनीले, पोरीकडं.

११ फेब्रुवारी
बस चुकली. तापही नाही आला.
प्राची आली, मागून सुशिलाबाई कंद उकडाले गंज घेऊन. माझ्याच शेतातले कंद खणले, उकडले. प्राचीनं घास चघळला, चघळला, मंग पाणी मागतलन. म्हणाली, आजी, तेव्हा थैलीत दिलेले कंद हे नव्हते. मी म्हटलं, तुमच्या मशीनमंधी बदलले असतील.
सुशिलाबाई उठली. घरी गेली, आपले उकडून आणले. गुळासारखे.
आता नाव सुशिला-१. जाताना तिनं एक कंद माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "खा. अन् चप्पल धुऊन टाक, अजून चिखल आहे."

११ फेब्रुवारी, संध्याकाळ
तुम्ही पाहूनच राहिले. लिहितो, मंग झोपतो.
ते दहा कंद सुशिलाबाईचे. अन् माझ्या शेतातल्या कंदात कधीच गोडी नव्हती जी. मी गुळाच्या पाण्यात उकडत होती. जत्रेतलेही, अन् तुम्ही बत्तीस वर्षं देवकाच्या हाताले गोडी आहे म्हणून खाल्ले, तेही.