पाणी घालायचं नाही

९ मार्च
सासूनं आज परत तोंड सोडलं. मॅडम बहिणीकडं जाताना कुंड्या माझ्या हवाली करून गेल्या, ते हिला बघवलं नाही! "चाळीस वर्षं या नर्सरीत मी राबले, आणि किल्ली या पोरीकडं!" राब की मग अजून.

चौदा कुंड्या, सगळ्यांत बाबाबाउकीची रोपं. नावाचा अर्थच बाळाचे कुल्ले, दिसतातही तशीच — दोन गुबगुबीत पानं, मधे फट. खाली पांढऱ्या गारगोट्या. मॅडमनी बजावलंय, "लेनी, पाऊस पडेपर्यंत थेंबसुद्धा घालायचा नाही. जो घालेल त्यानं नर्सरीतली खोली सोडायची."

खोली गेली तर लिस्बेटला घेऊन कुठं जाऊ? तीन महिन्यांची आहे. नवरा, फ्लिप, बोटीवर, हिवाळ्यापर्यंत काही येत नाही.

१२ मार्च
ऊन भाजतंय. पत्र्याला हात लावला तर फोड येईल.

१४ मार्च
पानं सुरकुतली. सगळ्यांचीच! सासू दारात उभी राहून बघत होती. "तुझ्या हाताला काही जगत नाही."

पीटरचं, माझ्या पहिल्या बाळाचं, नाव घेतलं नाही. घ्यायची हिंमतच नाही थेरडीची. दोन वर्षांपूर्वी त्याला जुलाब लागले तेव्हा हीच आडवी आली होती. "पाणी पाजू नकोस, अजून पातळ होईल." मी अठराची. ऐकलं! शेवटी त्याचे कुल्ले असेच झाले होते, कातडी नुसती लोंबत होती. मीच धूत होते, मला माहीत आहे. चौथ्या दिवशी गेला.

१५ मार्च
कुंड्यांकडं बघवत नाही. लिस्बेटचा लंगोट दहादा सोडून बघते.

१८ मार्च
घातलं पाणी. एकीलाच — कोपऱ्यातल्या, सगळ्यात सुकलेल्या. लिस्बेटसाठी उकळून गार केलेलं होतं, त्यातलंच. मातीनं घटाघटा पिऊन टाकलं. परत घातलं.

२० मार्च
फुगली! अगदी टच्च! सासूच्या नाकासमोर धरावीशी वाटली.

२२ मार्च
फुटली. मधून चिरली, आतून नुसतं पाणी.

सासू आलीच. गारगोट्या बाजूला केल्या, बोट खुपसलं, हुंगलं. "ओली आहे."
मी गारगोट्या परत सारल्या.
"गुरुवारी येते तुझी मॅडम. येऊ दे. मी बोलते तिच्याशी."

बोल, बोल! दोन वर्षं याचीच वाट बघत होतीस ना! एक मूल घालवलंस, आता दुसऱ्याचं छप्पर घालव. मला उलटी झाली. तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी ओतून दिला.

२५ मार्च
बाकीच्या तेरा पुसून ठेवताना एकीची फट उघडलेली दिसली. आत नवी जोडी, हिरवीगार! जुनी पानं कागद झालीत. मरत नव्हत्याच त्या — आतल्यांना पाजत होत्या.

सासूला म्हटलं, "तुला माहीत होतं, मग बोलली का नाहीस?"
"विचारलंस कधी? दोन वर्षांत मला काही विचारलंयस?"

विचारणार पण नाही. एकदा ऐकलं ते पुरे झालं.

२६ मार्च
बोचकं बांधलं. लंगोट, पातेलं, पीटरची टोपी. लिस्बेट झोपलीय, तिला काय माहीत.

२७ मार्च
मॅडमनी फुटलेली कुंडी उचलली. "कुणी घातलं पाणी?" मी तोंड उघडायच्या आत सासू बोलली.

"मी घातलं. या खेपेला घातलं."

तिचे कपडे पिठाच्या गोणीत भरून तयारच होते. माझं बोचकं तिनं पायानं खाटेखाली सारलं. फाटकातून वळून ओरडली, "लिस्बेटला पाणी पाजत जा गं, गाढवे! रडायची वाट बघू नकोस!"